ओटलीची गाडी

लीड्स शहरात ट्राम नाही. एके काळी होती, पण ती १९५९ साली बंद झाली. मेट्रो तर कधी आलीच नाही. त्यामुळे ज्याच्याकडे गाडी नाही त्याची सगळी भिस्त बसवर. आम्ही सप्टेंबर २०२२ मध्ये इथे आलो तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. साताऱ्यात मी सात वर्षं शाळेत शिकवलं, ती सगळी वर्षं स्कूटीवर नाहीतर एस.टी.त गेली. शिवाय माझे वडील एस.टी.च्या आगारातले मेकॅनिक. बसची वाट बघणं आमच्या रक्तातच आहे, असं मी सगळ्यांना गमतीनं सांगायचे.

पण साताऱ्याच्या स्टँडवर वाट बघणं वेगळं आणि जानेवारीत संध्याकाळी चार वाजता, अंधारात, आडव्या पावसात, बाबागाडीतल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन वाट बघणं वेगळं. फलकावर ‘तीन मिनिटे’ असं दिसतं, मग ‘सात मिनिटे’, आणि मग ती बस फलकावरून नाहीशीच होते. एका फेरीला तेव्हा दोन पौंड पडायचे, म्हणजे जाऊन-येऊन चार. रक्कम मोठी नाही. पण लग्नानंतरही स्वतःच्या पगारातून खर्च करण्याची सवय असलेल्या माणसाला ते चार पौंड नवऱ्याच्या कार्डावरून जाताना दिसतात. नवरा कधी एक शब्द बोलला नाही, हे आधी सांगते. बोचत होतं ते माझं मलाच.

गाडी घ्यायचं ठरलं ते एका रात्रीमुळे. नवरा कामासाठी लंडनला गेला होता. मुलाला ताप चढला आणि कान धरून तो जो रडायला लागला तो थांबेना. १११ क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि सांगितलं, रात्रीच्या केंद्रात घेऊन या. केंद्र चार मैलांवर. टॅक्सी बोलावली, ती आली नाही. दुसरी बोलावली, ती पन्नास मिनिटांनी आली. मुलाचं निभावलं, कानाचा संसर्ग होता, औषधानं उतरला. पण ती पन्नास मिनिटं मी खिडकीशी उभी राहून मोजली आहेत. सकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, “मी गाडी शिकणार आहे, आणि गाडी घेणार आहे. माझ्या पैशानं.”

माझे पैसे म्हणजे सात वर्षांच्या नोकरीचा भविष्यनिर्वाह निधी आणि दोन मुदतठेवी. सगळं मिळून सहा लाख तीस हजार रुपये. सासूबाईंचं म्हणणं होतं की ते तिथेच राहू द्यावेत, अडीनडीला उपयोगी पडतात. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. बाईच्या नावावर चार पैसे असावेत हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून शिकलेलं होतं. आईला वाटत होतं, त्यापेक्षा सोनं घे. अण्णा, म्हणजे माझे वडील, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पैसे तुझे हायेत. पण एक ध्यानात ठेव, गाडी घेणं एकदाचं असतं, पोसणं रोजचं असतं. आधी पोसायचा हिशेब कर, मग घ्यायचा.”

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या पोसणारा माणूस तो. त्यांनी स्वतः कधी चारचाकी घेतली नाही. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती, तीही आगारातल्या मित्राकडून घेतलेली.

पौंड तेव्हा १०५ रुपयांच्या आसपास होता. माझ्या सहा लाख तीस हजारांचे सहा हजार पौंड झाले. सात वर्षांच्या पेपर तपासण्या, निवडणुकीची कामं, सुट्टीतले जादा तास, सगळं मिळून सहा हजार. आकडा एवढासा दिसला की पोटात खड्डा पडतो. आपल्यातल्या प्रत्येकानं हा खड्डा कधी ना कधी अनुभवला असेल. मी एक दोनशे पानी वही काढली, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलं आणि खाली ६,०००.

पहिला खर्च परवान्याचा. भारतातल्या परवान्यावर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पण माझ्याकडे फक्त दुचाकीचा परवाना होता आणि नवऱ्याकडेही तोच. घरात चारचाकी येणारं कुणीच नव्हतं. कच्च्या परवान्याचे ३४ पौंड. लेखी परीक्षेचे २३. त्यात पन्नास प्रश्न, त्रेचाळीस बरोबर यावे लागतात, आणि मग पडद्यावर रस्त्याच्या चौदा छोट्या चित्रफिती दाखवतात. त्यात धोका दिसू लागला की लगेच बटण दाबायचं. पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस गुण हवेत. परीक्षा घेणाऱ्या बाईला आयुष्यात पुन्हा परीक्षा द्यावी लागली. आदल्या रात्री मला झोप आली नाही आणि माझ्या दहावीच्या मुलांना मी किती सहज ‘घाबरू नका’ म्हणायचे ते आठवलं.

शिकवणी तासाला ३६ पौंड. मी तीस तास घेतले. शिकवणारे गृहस्थ अत्यंत सौम्य. माझं एकच दुखणं होतं, चक्राकार चौक. इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि जागा मिळाली की निःशंक निघायचं. मी पोवई नाक्यावर वाढलेली. तिथे जो घुसेल त्याचा रस्ता. त्या सवयीवर मात करताना मी दुसऱ्या टोकाला गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्यक्ष चाचणीला एका चौकात मोकळा रस्ता समोर असताना मी इतका वेळ थांबून राहिले की मागे रांग लागली. नापास. परीक्षक म्हणाले, सभ्यता चांगली, पण मागच्यांनाही कुठेतरी पोचायचं असतं.

पुन्हा तारीख मिळायला अडीच महिने लागले. चाचणीचे ६२ पौंड दोनदा गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी पास झाले. वहीत परवान्याचा सगळा खर्च मांडला तर १,२६१ पौंड. गाडीचं एक चाकही अजून दारात नव्हतं आणि पाचवा हिस्सा रक्कम संपली होती. नव्यानं येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी हेच आधी सांगते. गाडीच्या किमतीपासून हिशेब सुरू करू नका, परवान्यापासून करा.

दुसरं, आणि त्याहून मोठं, विम्याचं. तिकडे आपण गाडी निवडतो आणि विमा तिच्यामागून येतो. इथे नवीन चालकानं आधी विमा बघायचा आणि मग गाडी निवडायची. तेव्हा प्रत्येक गाडीला एक ते पन्नासमधला विमागट असायचा. लहान इंजिनाच्या साध्या गाड्या खालच्या गटात. मी रात्री मूल झोपलं की संगणकावर बसायचे आणि एकेका गाडीचा विमा किती येतो ते बघायचे. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहणार की स्वतःच्या आवारात, वर्षाला किती मैल चालणार, सगळं विचारतात. आणि विचारतात, व्यवसाय काय?

त्या यादीत ‘शिक्षक’ होतं. मी त्यावर बोट ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे. शिक्षक म्हणून बघितलं तर विमा थोडा स्वस्तही येत होता. पण आता मी शिकवत नव्हते. खाली ‘गृहिणी’ होतं, ते निवडलं. विम्याच्या अर्जात खोटं लिहिलं तर ऐन वेळी दावा नाकारतात, हे व्यवहाराचं कारण. पण खरं सांगायचं तर दोन वर्षं मी कुणालाही ओळख करून देताना ‘मी शिक्षिका आहे’ असंच सांगत होते. त्या रात्री पहिल्यांदा ‘गृहिणी’ हा शब्द माझ्या हातानं निवडला. आभाळ कोसळलं नाही. विमा मात्र वाढला.

मंडळाच्या हळदीकुंकवात एका ताईंनी प्रेमानं सुचवलं, “माझे मिस्टर पंधरा वर्षं चालवतात, त्यांना मुख्य चालक दाखव आणि तू दुसरी. निम्म्यावर येईल.” हेतू चांगला होता. पण रोज चालवणार एक आणि कागदावर दुसरा, ही इथे सरळ फसवणूक धरतात. विमा रद्द होतो, आणि एकदा रद्द झाला की पुढचा विमा मिळताना नाकी नऊ येतात. शिवाय दावा न केल्याची सवलत वर्षागणिक वाढत जाते, ती ज्याच्या नावावर विमा त्यालाच मिळते. मला ती माझ्या नावावर हवी होती.

आता गाडी. हातात ४,७३९ पौंड. त्यातून विम्याला साधारण हजार बाजूला काढले आणि तीन-चारशे दुरुस्तीला. म्हणजे गाडी सव्वातीन हजारांत बसायला हवी. कर्ज नको हे ठरलेलं होतं. मासिक हप्त्यांचा मोह इथे फार असतो. दुकानदार किंमत सांगतच नाही, ‘महिन्याला फक्त एवढे’ असं सांगतो.

पहिली गाडी बघितली ती शहराबाहेरच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात. लालभडक, चकचकीत, आतून लिंबाचा वास. मी बघताक्षणी मनात तिच्यात मुलाची खुर्चीसुद्धा बसवली. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला होता. ते म्हणाले, “चालू करायच्या आधी बॉनेटला हात लाव.” हात लावला तर बॉनेट गरम.

“आत्ता कुठं फिरवून आणली का, विचार.”

विक्रेता म्हणाला, नाही, सकाळपासून इथेच आहे.

“मग ऊन तापलंय का तिकडं?”

बाहेर सहा अंश तापमान होतं. अण्णा म्हणाले, “जे इंजिन थंडीत लवकर उठत नाही, त्याला गिऱ्हाईक यायच्या आधी उठवून ठेवतात. चल, नमस्कार कर आणि निघ.”

विक्रेता मागून सांगत होता की दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. मी बसथांब्यावर जाऊन उभी राहिले आणि तिथे बसून मोबाइलवर त्या गाडीचा इतिहास उघडला, जो मी आधीच उघडायला हवा होता. इथे तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची वर्षातून एकदा सक्तीची तपासणी असते. तिला एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर सगळा इतिहास फुकट दिसतो. कधी पास, कधी नापास, कशामुळे, आणि प्रत्येक वेळी किती मैल झाले होते. त्या लाल गाडीला दोन वर्षं लागोपाठ खालच्या भागाच्या गंजाबद्दल ताकीद होती. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ होऊ नये म्हणून इथे मीठ टाकतात, ते गाडीचं पोट खातं. अण्णांना ही गोष्ट नवीन होती. ते म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडं सगळाच कोकण.”

दुसरी गाडी ओटलीत. ओटली हे लीड्सच्या वायव्येला, व्हार्फ नदीकाठचं जुनं बाजारपेठेचं गाव. पाठीशी शेव्हिन नावाची लांबलचक टेकडी. फर्निचरसाठी जगभर नाव झालेला टॉमस चिपेंडेल इथलाच, १७१८ साली जन्मलेला. गावाच्या चौकात त्याच्या नावाच्या पाट्या दिसतात. मार्चमधला शनिवार होता. नवरा, मूल आणि मी बसने गेलो. गावाबाहेरच्या टेकाडावर पांढऱ्या फुलांची रांग आणि त्यापलीकडे मेंढ्या. घर एका चढाच्या गल्लीत. दारात राखाडी रंगाची छोटी ह्युंदाई आय-टेन, ‘६२’ची पाटी. इथे नंबरातल्या दोन आकड्यांवरून गाडीचं वय कळतं. मार्च ते ऑगस्टच्या गाडीला सालाचे शेवटचे दोन आकडे, आणि सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या गाडीला त्यात पन्नास मिळवलेले. ६२ म्हणजे सप्टेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१३.

दार उघडलं चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींनी. “ये लव्ह, पायऱ्या जपून.” यॉर्कशायरमध्ये सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणतात, भाजीवाल्यापासून बसचालकापर्यंत. पण त्या दिवशी तो शब्द कानाला बरा वाटला. आजी गाडी विकत होत्या कारण नजर कमी झाली होती. इथे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं आणि वीस मीटरवरची नंबरपाटी वाचता यायला हवी. “मला कुणी थांबवलं नाही,” त्या म्हणाल्या, “पण शेजाऱ्याच्या गाडीची पाटी मला आता अंदाजानं वाचावी लागते. अंदाजानं चालवणं बरं नव्हे.”

साताऱ्यात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. अण्णा चष्मा लावून, वही घेऊन बसले होते. आजींनी फोनच्या पडद्याकडे बघून हात हलवला. अण्णांनी नमस्कार केला. बॉनेट थंडगार होतं. मी किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या हाकेला उठलं. अण्णांनी फोन इंजिनाजवळ धरायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकत बसले. मूल टाळ्या वाजवत होतं, त्याला नवऱ्यानं लांब नेलं.

“धूर बघ मागं. निळा हाय का?”

“नाही.”

“तेल घालायचं झाकण उघड. आत पांढरं लोण्यासारखं काही चिकटलंय?”

“नाही, स्वच्छ आहे.”

“बरं. आता चॅसिस नंबर आणि कागदावरचा नंबर एकच हाय का बघ. मला वाचून दाखव.”

मी वाचायला लागले, “एम, ए, एल…”

“थांब. टाटाच्या गाड्यांचा एम-ए-टीनं सुरू होतो. ही आपल्याकडनं आलेली गाडी हाय.”

खरंच होतं ते. त्या पिढीच्या आय-टेन गाड्या चेन्नईच्या कारखान्यात बनून बोटीनं इकडे यायच्या. आजींना सांगितलं तर त्या हसल्या. “अकरा वर्षं मी हिला कोरियन समजत होते.” नवरा म्हणाला, “म्हणजे हिलाही इथला हिवाळा सोसून अकरा वर्षं झाली.” अण्णा मात्र हसण्यात नव्हते, त्यांना टायर बघायचे होते.

पुढचे दोन्ही टायर झिजले होते. इथे त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. वीस पेन्सचं नाणं टायरच्या खाचेत उभं घालायचं, नाण्याची बाहेरची कड दिसली तर टायर संपत आला. कड दिसली. आजींकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा वर्षांची सगळी बिलं होती, तेल बदलल्याची, ब्रेकची, बॅटरीची, तारखेनुसार लावलेली. मैल झाले होते अठ्ठावन्न हजार. मागत होत्या ३,३०० पौंड.

घासाघीस करायला मला जड जात होतं. आजींचा डबा बघितल्यावर तर फारच. पण अण्णांनी बजावलं होतं, दोष दाखवायचा आणि त्याचेच पैसे मागायचे, त्याहून एक रुपया जास्त नाही. मी टायर दाखवले. आजींनी वाकून बघायचा प्रयत्न केला, मग म्हणाल्या, “तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवते. ३,१५० दे.”

टायरना खरं तर ११० लागले. उरलेल्या चाळीसाबद्दल मला अजून थोडं खटकतं.

पैसे द्यायच्या आधी आजींच्या जेवणाच्या टेबलावर बसून बाकीची कामं उरकली. गाडीवर कुणाचं कर्ज शिल्लक नाही याची तपासणी मी आदल्या रात्री केली होती, तिला वीस पौंड. मग विमा चालू केला, १,०२० पौंड, एकरकमी, कारण मासिक हप्त्यांवर व्याज लावतात. लॉगबुकातली हिरवी चिठ्ठी माझ्या हातात आली, तिच्यावरचा क्रमांक टाकून रस्त्याचा कर भरला. वर्षाचे फक्त वीस पौंड, कारण त्या काळातल्या गाड्यांचा कर धुराच्या प्रमाणावर ठरतो आणि हिचा धूर कमी. हे लक्षात ठेवा, जुन्या मालकानं भरलेला कर गाडीबरोबर येत नाही. करावाचून गाडी गल्लीबाहेर काढली तरी गुन्हा. मुलाची खुर्ची आम्ही घरूनच आणली होती, ८५ पौंडांची, नवी. ती जुनी घेऊ नये, आधी अपघात झेललेली आहे की नाही ते दिसत नाही.

मी रक्कम पाठवली. आजींच्या फोनवर ती दिसेपर्यंत चार-पाच मिनिटं आम्ही सगळे चहाच्या कपाकडे बघत बसलो. सात वर्षं त्या मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली. मग फोन वाजला. आजींनी दोन किल्ल्या टेबलावर ठेवल्या. एकीला लोकरीचं छोटं मेंढरू अडकवलेलं होतं. “हे राहू दे तिलाच, तिला सवय आहे.” दारापर्यंत आल्या, पण गाडी निघताना बघायला थांबल्या नाहीत. दार लावून घेतलं. मी तेवढा वेळ गाडी चालू केली नाही.

ओटलीहून लीड्सला येणारा रस्ता सुरुवातीलाच चांगला चढतो. त्या चढावर दिव्याला गाडी थांबली आणि निघताना माझ्याकडून बंद पडली. दोनदा. मागच्या गाडीनं एकदाही भोंगा वाजवला नाही. नवऱ्यानं समोर बघत फक्त मुलाला सांगितलं, “आई श्वास घेतेय.” तिसऱ्यांदा निघाली. पुढे हेडिंग्ली लागलं. १९९२ साली सचिन तेंडुलकर यॉर्कशायरकडून खेळायला आला तो इथेच. बाहेरच्या देशातून घेतलेला त्यांचा तो पहिला खेळाडू. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बसच्या खिडकीतून मी ते मैदान शंभर वेळा बघितलं होतं. त्या दिवशी मैदान आलं कधी आणि गेलं कधी, कळलं नाही. मी आरशात बघत होते.

घरी आल्यावर चाकाखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू लावलं, मागच्या अंगणातल्या दगडावर नारळ फोडला. शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. त्यांना खोबरं दिलं. त्यांनी विचारलं, लिंबं कशासाठी? मी म्हटलं, “हाही एक विमाच.” रात्री वहीत मांडलं. गाडी ३,१५०, विमा १,०२०, कर २०, तपासणी २०, टायर ११०, खुर्ची ८५. शिल्लक ३३४. अण्णांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “३३४ ला हात लावू नको. ते गाडीचे हायेत.”

जुलैमध्ये आई-अण्णा आले. ऑगस्टमधल्या एका सकाळी आम्ही व्हिटबीला निघालो. लीड्सहून तिथे थेट बसही जाते, पण तीन तासांहून जास्त लागतात, आणि आईचे गुडघे आणि मूल हे दोन्ही एका बसमध्ये बसवणं कठीण. गाडीनं सत्तरेक मैल. अण्णा पुढे माझ्या शेजारी. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या गाडीत बसत होते आणि मी चालवत होते, म्हणून मी जरा जास्तच ताठ. यॉर्क मागे पडेपर्यंत ते काही बोलले नाहीत. त्यांचा उजवा पाय मात्र बोलत होता. मी ब्रेक दाबायच्या आधी तो खाली दाबला जायचा. माल्टनच्या अलीकडे स्कारबरोला निघालेल्या गाड्यांची रांग लागली, तेव्हा पहिलं वाक्य आलं, “क्लचवर पाय ठेवून उभी राहू नको. प्लेटी जातात.”

पिकरिंग सोडलं की रस्ता वर चढतो आणि झाडं मागे राहतात. मग दोन्ही बाजूंना उघडा माळ, आणि ऑगस्टमध्ये तो सगळा जांभळा असतो. हेदर नावाचं बुटकं झुडूप फुलतं, क्षितिजापर्यंत. होल ऑफ हॉर्कम नावाच्या जागी रस्त्याकडेलाच गाडीतळ आहे. समोर कुणी परात दाबून ठेवावी तशी प्रचंड वाटोळी दरी. उतरून उभे राहिलो. वारा असा की आईनं पदर दोन्ही हातांनी धरला.

“हे तर कासच,” आई म्हणाली.

“कासला रंग किती असतात,” अण्णा म्हणाले. “हे एकाच रंगाचं हाय.” थोड्या वेळानं म्हणाले, “पण फुलांत कुणी फोटोसाठी लोळत नाही हे बरंय.”

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथे बॉनेटवर मांडून खाल्ली. अण्णांनी खाता खाता हात सहज बॉनेटवर ठेवला. गरम होतं. या वेळी ते बरोबर होतं.

व्हिटबीच्या आधी ब्लू बँक नावाचा उतार लागतो, पाचास एक. समोर समुद्राची निळी पट्टी दिसते आणि रस्ता पायाखालून निसटतो. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी बाजूला एक आडमार्गही ठेवलेला आहे. अण्णा पुढे झुकले आणि म्हणाले, “ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. गिअर खाली घे.” आणि त्याच क्षणी रस्त्याकडेची पाटी आली, ‘खालच्या गिअरमध्ये रहा’. मी पाटी मराठीत वाचून दाखवली. अण्णा पाठ टेकवून बसले. “मग बरोबर हाय,” म्हणाले. “खंबाटकीला एवढ्यासाठी किती गाड्या ओढून आणल्यात आम्ही.” त्यानंतर त्यांचा पाय थांबला, तो परतीच्या प्रवासातही हलला नाही.

व्हिटबीबद्दल तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. टेकडीवर पडक्या मठाच्या कमानी, तिथे जाणाऱ्या १९९ पायऱ्या, पलीकडच्या कड्यावर देवमाशाच्या हाडांची कमान. ड्रॅक्युलाच्या गोष्टीतलं जहाज याच किनाऱ्याला लागतं. कॅप्टन कुक इथेच जहाजावरचं काम शिकला आणि त्याचं एन्डेव्हर याच गावात बांधलेलं. नवरा मुलाला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढला. आई धक्क्यावरच्या बाकावर बसली. अण्णा बंदरातल्या एका मासेमारी बोटीचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे अर्धा तास बघत उभे होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. शेवटी त्या माणसानं पाना मागायला न बघता हात मागे केला, तर अण्णांनी योग्य नंबरचा पाना त्याच्या हातात ठेवला.

पेट्रोलचा खर्च जाऊन-येऊन वीस पौंड आला. पार्किंगचे दर ऐकून आई म्हणाली, एवढ्यात साताऱ्यात गाडीला खोली भाड्यानं मिळेल.

आई-अण्णा गणपतीनंतर परत गेले. ज्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडलं, त्या रात्री पहाटे उठावं लागलं नाही, टॅक्सी येते की नाही याची धाकधूक नव्हती. मीच घेऊन गेले. घरी आल्यावर हिशेबाची वही उघडली. ३३४ खाली अण्णांनी त्यांच्या आगारातल्या तिरक्या अक्षरात एक नवं कोष्टक आखून ठेवलं होतं. तारीख, मैल, काम, खर्च, सही. पहिली ओळ भरलेली होती. ‘इंजिन ऑइल, फिल्टर. ३८ पौंड.’ सहीच्या रकान्यात त्यांची सही. दुसऱ्या ओळीवर पुढच्या मार्चची तारीख आणि ‘एमओटी’ लिहिलेलं होतं. सहीची जागा मोकळी होती.